नऊ बाटल्यांतली साखर

१. मुंग्या

मुंग्यांना कोर्टात कुणी साक्षीला बोलावत नाही. पण घाटकोपर पश्चिमेच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात जे झालं ते सगळ्यांत आधी पाहिलं मुंग्यांनीच, आणि पाहून त्या गप्पही बसल्या नाहीत. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्या खिडकीतून आत आल्या, डॉक्टर देवदत्त सामंतांच्या पदवीच्या फ्रेमवरून उतरल्या, वजनकाट्याला वळसा घालून पोलादी कपाटापाशी पोचल्या आणि दाराच्या फटीतून रांगेने आत शिरल्या. शिस्त अशी की रेशनच्या रांगेने लाजावं.

कंपनीचा तपासनीस राजेश वागळे तिथेच उभा होता. हातात लॅपटॉप, पाठीला बॅग, कपाळाला आठी. त्याने कपाटाची किल्ली मागितली, दार उघडलं आणि मुंग्यांकडे बघतच राहिला.

कपाटात खाण्याचं काही असण्याचं कारणच नव्हतं. होत्या त्या डोळ्यांच्या थेंबांच्या वापरलेल्या बाटल्या. मधुमेह जुना झाला की काही माणसांच्या बुबुळावरचा काचेसारखा पडदा, डॉक्टर ज्याला कॉर्निया म्हणतात तो, बधिर होतो. त्यावर ओरखडा उठला तर कळत नाही, आणि कळला तरी महिनोन् महिने भरत नाही. अशा जखमेवर अंधेरीच्या एका कंपनीने नवे थेंब काढले होते आणि ते खरोखर लागू पडतात का हे या दवाखान्यात तपासलं जात होतं. चोवीस पेशंट, सगळे मधुमेही. बारा जणांना खरं औषध, बारा जणांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या बाटलीत काय आहे हे पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरला ठाऊक नाही, राजेशलाही नाही. दर पंधरवड्याला पेशंटने जुनी बाटली परत करायची आणि नवी सीलबंद न्यायची. आलेली बाटली कागदी पाकिटात, पाकीट कपाटात, कपाट कुलपात. प्रत्येक खेपेनंतर राजेशने येऊन वजन करायचं आणि कुणी किती थेंब वापरले ते ठरवायचं.

त्याने पाकिटं फोडली. पंधरा बाटल्या जशा असायला हव्यात तशाच होत्या, कुठे रिकाम्या, कुठे तळाला थोडे थेंब उरलेले. नऊ बाटल्या मात्र जड होत्या, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं. राजेशने झाकण न उघडता एकीच्या तळात सुई टोचून थेंब बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला, आणि त्याची बोटं एकमेकांना चिकटली.

झाकणांना हात न लावता असेच सुईने काढलेले नमुने अंधेरीला गेले, आणि बुधवारी तिथल्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं. नऊही बाटल्यांत साखरेचं पाणी. ज्यांना साखर वर्ज्य, नेमक्या त्यांच्याच बाटल्यांत साखर.

नऊच्या नऊ बाटल्या मंगळवारी येणाऱ्या पेशंटांच्या होत्या. गुरुवारी येणाऱ्यांची एकही नाही. गुरुवारी कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात असते. मंगळवारी ती एकाच माणसाकडे असते, प्रयोगाचं सगळं कामकाज बघणाऱ्या संघमित्रा उबाळेकडे.

२. कायद्याने सामान्य बाई

माणसांवर औषधाचा प्रयोग करायचा तर एक नैतिकता समिती लागते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, आणि नियम असा की एक तरी सदस्य सामान्य माणूस हवा. या दवाखान्याच्या समितीवर तो मान सुगंधा घाडी यांना मिळाला होता, आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही ही गोष्ट हसू न येता सांगता येत नसे.

सुगंधाबाई वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी काटे, वजनं आणि दुकानदारांचे चेहरे तपासले. असं सांगतात की मासळीबाजारात त्यांनी पापलेट नुसतं हातात धरलं तरी कोळीण न बोलता आणखी एक टाकायची. विक्रोळीच्या एका किराणा दुकानात त्या एकदा शिंकल्या तर दबलेलं पारडं आपोआप सरळ झालं, असंही सांगतात. ते मात्र खोटं आहे. त्या शिंकल्या नव्हत्या, त्यांनी नुसता रुमाल काढला होता.

बुधवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून शेजारच्या अपूर्वाच्या वाटीकडे अपराधी नजरेने बघत होत्या. अपूर्वाने चैत्राची आंबेडाळ पाठवली होती, ती केव्हाच फस्त झाली, आणि गुडघ्यांमुळे नवीन काही करायचा उत्साह नसल्याने वाटी घासूनपुसून तीन दिवस तशीच पडली होती. फोन ठेवून त्यांनी वाटीवर ताटली पालथी घातली, म्हणजे निदान ती डोळ्यांसमोर नको, आणि रिक्षा पकडली.

डॉक्टर सामंत चांगले माणूस, पण संकटात सापडले की पाणी पीत सुटायचे. सुगंधाबाई पोचेपर्यंत त्यांचे चार ग्लास झाले होते. पाचव्या ग्लासाच्या आधाराने त्यांनी सांगितलं की राजेशचा अहवाल शुक्रवारी पाच वाजता जाणार. त्यात औषधात फेरफार असं आलं की प्रयोग बंद, चोवीस पेशंटांचे थेंब बंद, आणि संघमित्राला नारळ.

संघमित्रा नोंदींच्या खोलीत बसली होती. वय तिशीच्या आत, राहायला कांजूरमार्ग, घरात विज्ञान शिकलेली पहिलीच. तीन वर्षं खपून तिने हा प्रयोग उभा केला होता. कोणत्या पेशंटचं जावयाशी पटत नाही आणि कोण उपाशीपोटी येऊन चक्कर आणतं, हेसुद्धा तिला तोंडपाठ होतं. रडून झालं होतं, आता ती रागात होती.

"मॅडम, नोकरी गेली तर दुसरी मिळेल," ती म्हणाली. "पण औषधाला हात लावला असा शिक्का बसला ना, तर मुंबईतल्या एकाही रिसर्चच्या दारात मला कुणी उभं करणार नाही. आणि हे बोलतंय कोण, तर राजेश. गेल्या महिन्यात माझ्याच डब्यातले धपाटे खाल्ले त्याने. उरलेले डब्यासकट घरी नेले. तो डबा अजून दिला नाही, आणि मला चोर म्हणतो."

डब्याचं मला काही करता येणार नाही, शिक्क्याचं बघते, असं सुगंधाबाईंनी तिला सांगितलं.

मग नितेश गुरव. हा तपासणीच्या खोलीतला टेक्निशियन. पेशंटच्या डोळ्यात पिवळ्या रंगाची पट्टी टेकवायची आणि यंत्राच्या निळ्या उजेडात बघायचं. कॉर्नियावर जखम असली तर तेवढी जागा हिरवी चमकते. दिवसभर हे करून नितेशची बोटं कायमची पिवळी. हातमोजे घाल म्हणून डॉक्टर दोन वर्षं सांगत होते आणि तो दोन वर्षं हो म्हणत होता. आपली बोटं बघून आई म्हणते हळद तर लागलीच आहे, आता मुलगी तेवढी बघू, असं त्याने सुगंधाबाईंना न विचारताच सांगून टाकलं. कामाचं त्याने सांगितलं ते एवढंच: तपासणी झाली की पेशंट समोर बसलेला असतानाच तो बाटली मागून घेतो, झाकण घट्ट पिळतो, पाकिटात घालतो आणि पाकीट संघमित्राकडे देतो. बाटलीत काय आहे हे बघायचं त्याचं काम नाही, आणि जे आपलं काम नाही ते नितेश जिवापाड जपून करत नसे.

राजेशचं म्हणणं सरळ होतं. संघमित्राने बाटल्या पेशंटांना देण्याआधी त्यातलं औषध काढून घेतलं असणार आणि बदली साखरेचं पाणी भरलं असणार. पुरावा म्हणून त्याने पेशंटांच्या डायऱ्या पुढे टाकल्या. प्रत्येक थेंबाला एक बरोबरची खूण करायची असते. ज्या नऊ जणांच्या बाटल्यांत साखर, त्यांच्या डायऱ्यांत एकही खूण चुकलेली नव्हती. मंगळवारच्याच उरलेल्या तिघांच्या डायऱ्यांत जागोजाग भोकं होती, आणि त्यांच्या बाटल्यांत औषधही थोडंथोडं उरलेलं होतं.

"माणसं इतकी शहाणी नसतात, मॅडम," राजेश म्हणाला. "एकही थेंब चुकला नाही? या नऊ डायऱ्या कुणीतरी बसून भरल्यात."

सुगंधाबाईंनी नऊ बाटल्या एकेक करून काट्यावर ठेवल्या आणि वजनं वहीत उतरवली. रिकामी बाटली सहा ग्रॅमची. या कुठे सात, कुठे साडेसात, कुठे आठ, एक तर पावणेनऊ. भरलेली बाटली अकराची असते.

"राजेश," त्या वही मिटत म्हणाल्या, "एकतीस वर्षांत मी एक शिकले. लबाडी करणाऱ्याचं माप नेहमी एकसारखं असतं. तो शंभरातले पाच काढतो, तर रोज पाचच काढतो. हे जे कुणी भरलंय त्याला मापाचं काही पडलेलंच नाही."

राजेश म्हणाला, हा काही पुरावा नाही.

"नाही," त्यांनी कबूल केलं. "नितेश, ती तुझी निळ्या उजेडाची खोली रिकामी आहे का रे?"

३. निळा उजेड

खोलीचा दिवा घालवला तेव्हा आत पाच माणसं होती: सुगंधाबाई, डॉक्टर आणि त्यांचा ग्लास, नितेश, आणि दोन भिंतींना पाठ लावून संघमित्रा नि राजेश. नितेशने यंत्राचा निळा झोत लावला. सुगंधाबाईंनी पहिली बाटली चिमट्याने त्याच्यासमोर धरली आणि चष्म्याची काच पुसताना करतात तशी तोंडाने तिच्यावर वाफ सोडली; वाळलेला पिवळा रंग ओल लागली की चमकतो.

झाकणावर हिरवं बोट उमटलं. दिवाळीतल्या फुलबाजीसारखं लख्ख.

"अरे, हे तर माझं," नितेश म्हणाला, आणि मग काय बोललो ते लक्षात येऊन त्याचा चेहरा पडला. डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. राजेश पुढे सरकला.

सुगंधाबाईंनी नितेशला झाकण कसं पिळतो ते करून दाखवायला सांगितलं. त्याने दुसरी बाटली घेतली. त्याचा अंगठा झाकण आणि बाटली यांच्या सांध्यावर आडवा बसला, अर्धा वर, अर्धा खाली. ही त्याची सवय, लोणच्याच्या बरणीलाही तो असाच पिळतो.

"आता नीट बघा," सुगंधाबाई म्हणाल्या. "अंगठ्याचा ठसा अर्धा झाकणावर आहे, अर्धा बाटलीच्या मानेवर. दोन्ही अर्धे एकमेकांसमोर आहेत की सरकलेत?"

समोर होते. नऊही बाटल्यांवर होते. नितेशने पिळल्यानंतर कुणी झाकण काढून पुन्हा लावलं असतं, तर ते दोन अर्धे इतके तंतोतंत जुळले नसते, तेही नऊदा. मग त्यांनी एकेक झाकण काढून बाटलीचं तोंड आणि झाकणाची आतली बाजू उजेडात धरली, वाफ सोडली. काळोख. हिरवा ठिपकासुद्धा नाही. म्हणजे नितेशने झाकण पिळलं, पण उघडलं नव्हतं. आणि त्यानंतर कपाटात पाकीट ठेवणाऱ्या संघमित्रानेही उघडलं नव्हतं.

राजेश म्हणाला, ठीक, पण पेशंटला देण्याआधी? त्यावर संघमित्राने पहिल्यांदा तोंड उघडलं. कंपनीची सीलं कंपनीतच लागतात आणि पेशंट ती तिच्यासमोर तपासून सही करतो, हे तिने त्याला आठवण करून दिलं. नऊ जणांच्या सह्या होत्या. शिवाय पंधरवडाभर डोळ्यात साखरेचं पाणी गेलं असतं तर नऊपैकी एकाने तरी पापणी चिकटल्याची तक्रार केली असती.

संघमित्राने श्वास सोडला. आणि तेवढ्यात राजेशला दुसरी बाजू सुचली.

"म्हणजे हे पेशंटांनीच केलंय," तो म्हणाला. "घरी. औषध शेजारीपाजारी वाटलं असेल, लवकर संपलं, मग लपवायला पाणी भरून आणलं. मग तर वाटच लागली ना. कुणाच्या डोळ्यात किती गेलं याचा हिशोबच राहिला नाही. प्रयोग बंद करायलाच लागणार. आणि पेशंटांवर लक्ष ठेवायचं काम कुणाचं होतं?"

ते कुणाचं होतं हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. संघमित्रा पुन्हा भिंतीला टेकली.

सुगंधाबाई मात्र बाटलीकडेच बघत होत्या. लपवायला भरणारा माणूस गळ्यापर्यंत भरतो. इथे तर एकही बाटली भरलेली नाही, काहींचा तळ जेमतेम ओला. नऊ घरांत, नऊ माणसांनी, चिमूटभर साखरेचं पाणी भरून काय लपवलं असेल?

त्यांनी मंगळवारी बाहेरच्या बाकड्यावर थांबणाऱ्या पेशंटांत सगळ्यांत जास्त कोण बोलतं ते विचारलं. या प्रश्नाला संघमित्रा, नितेश आणि डॉक्टर यांनी एकदम एकच नाव घेतलं.

४. भटवाडीचा डबा

चंपा मेस्त्री भटवाडीच्या चढावर राहायच्या. पायऱ्या शहाऐंशी, सुगंधाबाईंच्या गुडघ्यांच्या मते तीनशे. गुरुवारी सकाळी त्या पोचल्या तेव्हा चंपाकाकी दारातच बसून सुईत दोरा ओवत होत्या, आणि पाहुण्या बाईंना बघायला मिळावं म्हणून त्यांनी ओवलेला दोरा काढून पुन्हा ओवून दाखवला.

चंपाकाकींचं वय सत्तरच्या पुढे. नवरा गिरणीत होता, गिरणीही गेली आणि नवराही. मुलगा ट्रॉम्बेला नोकरीला, सून शाळेत. मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं, आणि मुंबईत पन्नास वर्षं काढूनही जिभेवरचं गाव हललेलं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याने दार कुठे आणि भिंत कुठे हे कळत नव्हतं. आता समोरच्या इमारतीत कोण कुणाशी भांडतंय हे खिडकीतून दिसतं, त्यामुळे टीव्ही बंद केला तरी चालतो, असं त्यांनी सांगितलं.

सुगंधाबाईंनी सोबत एका छोट्या स्टीलच्या डब्यात भाजलेले शेंगदाणे आणले होते, साखरेच्या पेशंटला चालतील असे. चंपाकाकींनी ते ताटलीत ओतून घेतले, बिनसाखरेचा चहा दिला आणि चौकशी केली की सुगंधाबाई कुठच्या घाडींपैकी. ते गाव सापडल्यावर सगळं सोपं झालं. डायरी भिंतीला दोरीने टांगलेली होती, पेन्सिलही. आठ, बारा, चार, आठ. कुकरच्या शिट्ट्या चुकतील, थेंब चुकत नाही. औषध कुणाला दिलं का, असं सुगंधाबाईंनी आडून विचारलं, तर चंपाकाकी दुखावल्याच. शेजारच्या धोंडिरामने एकदा मागितलं होतं, त्याला त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं होतं. मंगळवारच्या बाकड्यावरच्या सगळ्यांना थेंब कसा घालायचा, पापणी कशी धरायची, दवाखान्यात कसं वागायचं, हे त्याच शिकवायच्या. गुरुवारचे लोक घाईचे, त्यांना काही रीतभात नाही, असं त्यांचं मत होतं. गुरुवारच्या एकाशीही त्यांची गाठ पडलेली नव्हती.

तासाभराने सुगंधाबाई उठल्या. काही हाती लागलं नव्हतं. बाई प्रामाणिक होती, हे काट्यावर ठेवून बघायची गरज नव्हती. चंपाकाकी डबा घेऊन मोरीत गेल्या, तो घासला, पुसला, मग फळीकडे वळून काहीतरी खुडबुड केली आणि झाकण लावून डबा परत दिला.

सुगंधाबाई पायऱ्या उतरू लागल्या. बाराव्या पायरीवर त्या थांबल्या.

डबा त्यांचा स्वतःचा. वीस वर्षं वापरलेला. रिकामा एकशे साठ ग्रॅमचा, हे त्यांच्या तळहाताला पाठ होतं. आत्ता तो एकशे साठचा नव्हता. चार ग्रॅम जास्त होता, फार तर पाच.

त्यांनी तिथेच कठड्याला टेकून झाकण उघडलं. आत चिमूटभर साखर होती.

सुगंधाबाईंना आपल्या ओट्यावरची, ताटलीखाली झाकलेली वाटी आठवली. तीन दिवस ती का पडली होती हे आठवलं, आणि त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की खालच्या नळावरच्या बायका वर बघायला लागल्या. मग गुडघ्यांची माफी मागून त्या बारा पायऱ्या पुन्हा चढल्या.

५. शुक्रवार, चार वाजता

डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले होते. राजेशचा लॅपटॉप उघडा होता आणि अहवाल पडद्यावर होता. फक्त पाठवायचं बटण दाबायचं बाकी. चंपाकाकी नव्या साडीत, मधल्या खुर्चीत. आपला सत्कार आहे अशी त्यांची समजूत झाली होती आणि ती कुणी मोडली नव्हती.

सुगंधाबाईंनी टेबलावर तीन गोष्टी मांडल्या: कोमट पाण्याची वाटी, साखरेची बरणी आणि प्रयोगातली एक जुनी रिकामी बाटली. मग त्यांनी चंपाकाकींना एवढंच विचारलं की दवाखान्यात यायच्या आधी त्या बाटलीचं काय करतात.

चंपाकाकींनी लपवाछपवी काही केली नाही. चिमूटभर साखर वाटीत विरघळवली, बाटली दाबून तिचं तोंड पाण्यात बुडवलं, हात सैल केला. बाटलीने घोटभर पाणी आत ओढून घेतलं. झाकण लावलं, पदराने पुसून टेबलावर ठेवली.

राजेशने विचारलं, हे कशासाठी.

"कशासाठी म्हंजे?" चंपाकाकींना प्रश्नच कळला नाही. "ही लोकां माका औषध दितत, डोळो दिल्यानी, आणि मी तेंका रिकामी बाटली परत देवची? माझ्या आवशीन शिकवल्यान, कोणाचा भांडा रिकामा परत करूचा नाय. आता तेच्या तोंडातसून लाडू जातलो काय? म्हणान साखर."

"आणि बाकीच्यांना?"

"ह्याच खेपेक माका सुचला, मगे तेंकाय मीच सांगलंय. शेरातली माणसा, तेंका काय म्हायत असता?"

डॉक्टरांनी उरलेल्या आठ जणांना फोन लावले, सगळ्यांना ऐकू जातील असे. आठही उत्तरं जवळपास एकच आली. काकींनी सांगितलं म्हणून. एका आजोबांनी तर माफी मागितली की घरात साखर नसल्याने गूळ घातला होता.

नितेश तोंडावर पिवळा हात धरून हसत होता. संघमित्राच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि या खेपेला ते रडण्याचं नव्हतं. पण राजेश अजून लॅपटॉपकडेच बघत होता. हा माणूस अंधेरीत चार मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा, आणि डबे परत करायचेच नसतात अशा जेवणावर जगायचा. तो शांतपणे म्हणाला की हेतू चांगला होता हे मान्य, पण वजन बिघडलं ते बिघडलंच. साखर घालण्याआधी बाटलीत किती औषध उरलं होतं हे आता देवालाही सांगता येणार नाही.

"देवाला नको विचारू, काकींना विचार," सुगंधाबाई म्हणाल्या. "काकी, बाटलीत थोडं औषध उरलेलं असलं, तरी तुम्ही साखर घालता?"

ही बाई शिकलेली आहे की नाही, अशा नजरेने चंपाकाकींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"उरलेला आसात तर ती रिकामी खंय? मगे साखर कित्याक?"

सुगंधाबाई राजेशकडे वळल्या.

"मंगळवारचे बारा. तिघांच्या बाटलीत औषध उरलं होतं, त्यांनी साखर घातली नाही. त्यांच्या डायरीत भोकं आहेत, आणि वजन भोकांशी जुळतं. नऊ जणांनी शेवटच्या थेंबापर्यंत औषध वापरलं. म्हणून बाटली रिकामी, म्हणून साखर. त्यांच्या डायऱ्या पूर्ण आहेत कारण त्या खऱ्या आहेत. तुला ज्या नऊ बाटल्यांत लबाडी दिसली ना, त्या तुझ्या अख्ख्या प्रयोगातल्या सगळ्यांत सचोटीच्या नऊ बाटल्या आहेत. साखर म्हणजे त्यांनी दिलेली पोच आहे."

राजेश बराच वेळ नऊ डायऱ्यांची पानं उलटत राहिला. मग वजनांची वही. मग पुन्हा डायऱ्या. पावणेपाच वाजता त्याने लॅपटॉप मिटला, बॅग पाठीला लावली, चंपाकाकींना वाकून नमस्कार केला आणि कुणाशीही न बोलता निघून गेला. अहवालात काय गेलं हे शुक्रवारी कुणालाच कळलं नाही. शनिवारीही नाही. सोमवारी डॉक्टर आठव्या ग्लासापर्यंत पोचले होते.

मंगळवारी सकाळी सुगंधाबाई दवाखान्यात आल्या तेव्हा काउंटरवर नवी व्यवस्था होती. एक मोठी काचेची वाटी, तिच्याखाली मुंग्यांसाठी पाणी भरलेली ताटली. बाटली रिकामीच द्यायची, आणि चिमूटभर साखर हवी तर या वाटीत टाकायची, असं संघमित्राने बाकड्यावरच्या सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. चंपाकाकी वाटीशेजारी पहाऱ्याला बसल्या होत्या. आपल्याला नोकरीच लागली अशी त्यांनी वाडीत बातमी पोचवली होती. सुगंधाबाईंनीही सकाळी शिरा करून अपूर्वाची वाटी परत केली होती, त्यामुळे त्यांच्या मनावरचं ओझं, त्यांच्याच मापाने, दीडशे ग्रॅमने उतरलं होतं.

अकराला राजेश आला. आठी होतीच, जरा फिकी. तो सरळ संघमित्राच्या टेबलाशी गेला, बॅगेतून स्टीलचा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"घे बाई तुझा डबा," तो म्हणाला. "उशीर झाला."

संघमित्राने डबा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग तो सुगंधाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तळहातावर एकदा तोलला आणि हसल्या.

"रिकामा नाहीये," त्या म्हणाल्या. "उघड."

आत चौघडी घातलेला एक कागद होता, कंपनीच्या शिक्क्याचा. औषधात कोणताही फेरफार आढळला नाही. प्रयोग पुढे चालू ठेवावा. बाटल्या आणि नोंदी जपण्यात समन्वयक संघमित्रा उबाळे यांची कोणतीही चूक नाही. कागद उलगडला तेव्हा त्याच्या घडीतून काहीतरी टेबलावर सांडलं.

चिमूटभर साखर होती. खिडकीतून पहिली मुंगी आत आलीही होती.